दुसरा ब्रेक

“बाई, त्या लाल सायकलच्या मागे घ्या. पण फार जवळ नको.”

बाई निवृत्त मुख्याध्यापिका होत्या. आयुष्यभर त्यांनी शाळा धाकात ठेवली, पण गाडी त्यांच्या धाकात येत नव्हती. ड्रायव्हिंग शिकायला लागल्यापासून सरांच्या मदतीशिवाय एकही चौक त्यांनी ओलांडला नव्हता. शिकवणीच्या गाडीत सरांच्या पायाशी दुसरा ब्रेक असतो. बाईंची सगळी भिस्त त्याच्यावर.

“सायकलवर कोण आहे?”

“माझी मुलगी. आज पहिल्यांदाच एकटी वाचनालयात चाललीय.”

“एकटी? मग आपण कोण?”

सरांना ऐकू आलं नाही. कालपर्यंत ते मुलीला हाताला धरून पोचवत. तेव्हा वरच्या मजल्यावरच्या काकू जिन्यात म्हणायच्या, “कॉलेजलाही असंच सोडणार वाटतं!” आज सायकल फाटकाबाहेर पडली, तर त्याच काकू गॅलरीतून म्हणाल्या, “पोर जड झाली का हो?” सरांना दोन्ही वेळा पटलं होतं.

मुलीला मात्र शब्द दिला होता, मागे येणार नाही. तो मोडलेला कळला, तर ती पुन्हा कुठल्याच शब्दावर विश्वास ठेवणार नव्हती. त्या बाबतीत ती थेट आईवर गेली होती. म्हणून शिकवणीची गाडी. शिकवणी काय, कुठल्याही रस्त्यानं जाते.

पहिल्याच चौकात सायकल ट्रकच्या आड गेली. सरांनी पट्टा सोडला. बाजारात ती हातगाडीला वळसा घालून नाहीशी झाली. सर सीटवर गुडघे टेकून अर्धे खिडकीबाहेर आले.

“दिसली! अगं, वळताना हात दाखव ना!”

बाईंची नजर रस्त्यावरून हलत नव्हती. मागून हॉर्न वाजत होते. औषधांच्या दुकानदारानं पायरीवरूनच झापलं, “लहान मुलीच्या मागे गाडी घालता? लाज वाटते का काही?”

सरांनी गाडीवरच्या पाटीकडे बोट दाखवलं. पाटीवर लिहिलं होतं, ‘शिकाऊ चालक. अंतर ठेवा.’

वाचनालयाशी मुलगी उतरली. गाडी कडेला लागली, अगदी सरळ. मुलीनं सायकलला शांतपणे कुलूप घातलं आणि तडक खिडकीशी आली.

“बाबा, तू मागे येणार नव्हतास.”

“शिकवणी चाललीय.”

“कोणाची?”



“माझी गं!” बाई घाम पुसत म्हणाल्या. त्यांचा चेहरा फुलला होता. “अख्खा बाजार पार केला! आणि सर, आज तुमचा ब्रेक इतका अलगद लागत होता, मला जाणवलासुद्धा नाही.”

सरांनी खाली पाहिलं. गुडघे अजून सीटवरच होते. ब्रेकपाशी नुसत्या चपला होत्या.