झाडांमागची खुर्ची

"यंदा खरंच पाडून टाका," सेक्रेटरी म्हणाले. "एवीतेवी म्हातारं झालंय ते. लोकांनाही जरा मजा येईल."

शत्रूकाका काळ्या विमानाच्या पोटात बॅटरी बसवत होते. त्यांनी मान वर केली नाही. "बरं," एवढंच म्हणाले.

वाद घालण्याइतकं त्राण त्यांच्या अंगात राहिलं नव्हतं. रिमोटवर छोटी विमानं उडवणाऱ्यांचा तो क्लब. वर्षातून एक दिवस जुन्या युद्धातल्या विमानांच्या प्रतिकृती उडवायच्या आणि त्या युद्धात गेलेल्यांची आठवण काढायची. आपल्या बाजूची विमानं उडवायला कोण झुंबड! शत्रूचं मात्र कुणालाच नको, कारण त्याने शेवटी धूर सोडत पडायचं असतं. सतरा वर्षांपूर्वी ते यांच्या गळ्यात पडलं ते पडलंच, आणि त्याच्यासोबत हे नावही. बायको आपोआप शत्रूकाकू झाली.

पडायचं म्हणजे तसं नाटकच. धूर सोडायचा, मैदानाच्या कडेच्या झाडांपलीकडे सूर मारायचा आणि तिथल्या माळावर कुणाला न दिसता अलगद उतरायचं. पण झाडांपलीकडचं काकांना तरी कुठे दिसत होतं? म्हणून तिथे खुर्ची टाकून काकू बसायच्या. वॉकीटॉकीवर सांगायच्या, "डावीकडे घ्या. अजून थोडं. आता ओढा." ओढा म्हणजे रिमोटवरची दांडी मागे ओढा, विमानाचं नाक वर करा. काका ओढायचे. विमान टेकलं की काकू त्यावर एक जुनी चादर टाकायच्या. पडलेलं विमान परत नेताना कुणाला धडधाकट दिसलं तर नाटकाची शोभा व्हायची. सतरा वर्षांत विमानाला ओरखडा उमटला नाही आणि काकूंना कार्यक्रम दिसला नाही.

यंदा काकूंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं. माळावरून चालणं बंद. दुसरं कुणी झाडांमागे बसायला तयार नव्हतं, सगळ्यांना कार्यक्रम बघायचा होता.

काकूंना पहिल्या रांगेत खुर्ची मिळाली, काका उभे राहतात त्याच्या अगदी मागे. सेक्रेटरींचं बोलणं त्यांच्या कानावर पडलं होतं.

"तुम्ही बरं म्हणालात?"

"मग काय म्हणू? कंटाळा आलाय गं आता."

कंटाळा काकूंनाही आला होता. पण त्या पंखांवरचं काळं प्लॅस्टिक त्यांनीच, स्वयंपाकघरातल्या टेबलावर, कपड्यांच्या इस्त्रीने तीनदा चिकटवलं होतं. एकदा पोळल्याचा डाग अजून मनगटावर होता. जीव तुटत होता त्यांचा, खोटं कशाला बोला. सवयीने पिशवीतून चादरही आणली होती. ती मांडीवर घेऊन त्या बघत बसल्या.

आपली तीन विमानं उडाली, मग काळं. काकूंनी ते आजवर फक्त उतरताना पाहिलं होतं. ते असं गिरक्या घेतं, उलटं होतं, तिन्ही विमानांच्या मधून सुळकन निघून जातं, हे त्यांना ठाऊकच नव्हतं. खाली काका खांदे पाडून उभे होते. हलत होते ते फक्त अंगठे.

"नेम लागला!" सेक्रेटरी माइकवर ओरडले. काकांनी धुराचं बटण दाबलं. टाळ्यांचा कडकडाट झाला.

या टाळ्या काकूंच्या ओळखीच्या होत्या. दर वर्षी आधी त्या झाडांवरून ऐकू यायच्या आणि पाठोपाठ विमान यायचं. यांनी छान उडवलं म्हणून लोक टाळ्या वाजवतात, असंच त्या धरून चालल्या होत्या. घरी जाताना म्हणायच्यासुद्धा, "आज टाळ्या चांगल्या पडल्या हो." काका "हं" म्हणायचे.

शेजारची बाई चहाचा कप सावरत खुर्चीतून अर्धी उठली होती. "पडलं, पडलं!" ती आनंदाने ओरडत होती. मागच्या रांगेत कुणीतरी शिट्टी मारली.

विमान नाक खाली घालून झाडांकडे निघालं होतं. काकांचे अंगठे थांबले होते. झाडांचे शेंडे जवळ आले.

"ओढा," काकू म्हणाल्या.

मोठ्याने नाही. वॉकीटॉकीवर बोलायच्या तेवढ्याच आवाजात. काकांनी ओढलं.

विमान शेंड्यांना निसटतं चाटून वर आलं, धुराची शेपटी घेऊन वळलं आणि परत मैदानाकडे यायला लागलं. टाळ्या विरळ झाल्या, मग थांबल्या. "आणि शत्रू..." सेक्रेटरी माइकवर म्हणाले. काळं विमान सगळ्यांच्या देखत धावपट्टीवर टेकलं, थोडं घरंगळलं आणि थांबलं.

सेक्रेटरी तरातरा आले. "अहो शत्रूकाका, हे काय? मेला होतात ना तुम्ही!"

काका गळ्यातला रिमोटचा पट्टा काढत होते. फार दमलेले दिसत होते.

"ही म्हणाली, ओढा," ते म्हणाले.

काकूंनी मांडीवरची चादर उघडलीच नाही. घडी होती तशीच पिशवीत ठेवली.