बिट्टीची आंघोळ

"बादली खाली ठेवा, आत्या," धर्मगुरू म्हणाले. "पुरुषाच्या देहाला बाईचा हात लागत नाही."

आत्यांनी बादली ठेवली नाही. गल्लीत वारलेली प्रत्येक बाई त्यांच्याच हातून न्हाऊन गेली होती, धर्मगुरूंची आईसुद्धा. बाईला बायकांनी न्हाऊ घालायचं, पुरुषाला पुरुषांनी. बाईची आंघोळ असली की सख्ख्या बापानेही खोलीत थांबायचं नाही. हे सगळं आत्यांना तोंडपाठ होतं.

समोर फळीवर बिट्टी निजली होती. जन्माला मुलगा म्हणून आली आणि कळत्या वयापासून मुलगी म्हणून जगली. गल्लीतल्या निम्म्या नवऱ्या लग्नाच्या दिवशी तिच्याच हातून नटल्या. त्यांचेच नवरे आता बाह्या सरसावून उभे होते. एकाने पुरुषाचे कपडे आणले होते, दुसऱ्याने तिचे केस कापायला कात्री.

"मुलगी आहे ती," आत्या म्हणाल्या. "जिवंतपणी नवरी नटवण्यापलीकडे दारात उभी केली नाहीत. आता मेल्यावर तरी छळू नका."

"धर्मात जन्माला जे, तेच मरणाला. हट्ट केलात तर यापुढे तुम्हाला कुणी बोलावणार नाही."

आत्यांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "नका बोलावू. तुमच्या घरातल्या बायकांना मग तुम्हीच घाला आंघोळ."

मागे कुणीतरी हसू दाबलं. धर्मगुरूंच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. त्यांनी कोपऱ्यातल्या सुताराला पुढे बोलावलं आणि त्याच्या हातात तांब्या दिला. सुतार म्हणजे बिट्टीचा बाप. मुलाच्या अंगावर पहिलं पाणी बापाचं, असा रिवाज होता. धर्मगुरू निर्धास्त होते. याच बापाने बिट्टीला घराबाहेर काढलं होतं, आणि तेव्हापासून तिचं नावही घेतलं नव्हतं.

सुताराने तांब्या भरून घेतला. बापाच्या शब्दापुढे आत्यांचं काही चालणार नव्हतं.

तो फळीपाशी जाऊन उभा राहिला. कित्येक वर्षांत पाहिलेला नव्हता तो चेहरा त्याने पोटभर पाहून घेतला. मग वळून भरलेला तांब्या आत्यांच्या हातात दिला आणि पायात चपला सरकवल्या.

"चला गुरुजी, बाहेर थांबू," तो म्हणाला. "माझ्या मुलीची आंघोळ आहे."