दुसरं बेअरिंग

नापिकीच्या तिसऱ्या वर्षी गावातला मिस्त्री सुरतला निघून गेला, म्हणून जुन्या मारुतीच्या चाकाचं बेअरिंग मीच अंगणात बदललं. उद्या बायकोला डायलिसिससाठी अकोल्याला न्यायचं होतं. थ्रेशरवर काम करून माझे कान मंद झालेत. चाकाची घरघर तीच ऐकते. ती डावीकडे म्हणाली, म्हणून विकत आणलेल्या जोडीतलं एक बेअरिंग डाव्या चाकात ठोकलं. त्यातच दुपार गेली. तिला बसवून फाट्यापर्यंत जाऊन आलो. "आता येते का आवाज?" "नाई जी. तुमी पडा जरा." तरी मन मानेना. उजवं चाक जॅकवर उचलून फिरवलं आणि स्प्रिंगवर हात ठेवला. हाताला खरखर लागली, म्हणजे हेही बेअरिंग गेलेलं. "काहून खोटं बोलली वं?" "खरं सांगतलं असतं, तं तुमी आजच पुन्हा गाडीखाली शिरले असते." मी दुसऱ्या बेअरिंगचा पुडा फोडला. तिनं माझ्या गुडघ्यांखाली पोतं सरकवलं.