घरी वाचा

"पोट दुखतंय असंच म्हणत होता," कुलथे सरांनी डॉक्टरांना पुन्हा सांगितलं.

"वृषणाला पीळ पडलाय, सर. शुक्राणू तयार होतात तिथलाच रक्तपुरवठा कालपासून बंद आहे. काल आणलं असतंत तर वाचलं असतं. आता ते काढावंच लागेल. दुसरं शाबूत आहे, त्यावर पुढे मूलबाळही होईल."

हे सगळं पुस्तकात होतं. दहावीला विज्ञान शिकवताना तो धडा आला, की मुलं फिदीफिदी हसायची, मुली माना खाली घालायच्या आणि सर "हे घरी वाचा" म्हणत पानं उलटायचे. यंदा त्या वर्गात त्यांचा मिहीरही होता.

"अरे, खरं कुठे दुखतंय ते मला तरी सांगायचंस ना!"

खाटेवर गुडघे पोटाशी घेऊन पडलेल्या मिहीरने भिंतीकडे तोंड फिरवलं. "तुम्हाला तो शब्द वर्गात म्हणवत नाही, बाबा. मी घरी कसा म्हणणार होतो?"

फोन वाजला. पलीकडून बायको रडवेल्या आवाजात विचारत होती, "काय निघालं हो?"

सरांनी तोंड उघडलं. बाजूला नर्स उभी होती.

"पोटाचंच आहे," ते म्हणाले.