सीच्या फाइलमधल्या चार ओळी

रंजितानं मेन स्विच पाडला, थोडं थांबून पुन्हा वर केला. टेबलावरचा, मोबाइलवरून शेतपंपाची मोटार चालू-बंद करणारा डबा खटकन वाजला आणि हिरवा दिवा लागला. म्हणजे मोटार सुरू. मोबाइलवर तर तिनं 'बंद' दाबून ठेवलं होतं.

शेतातही असंच झालं होतं. शेजारच्या खुशालकाकांनी मोबाइलवरून मोटार बंद केली, तेवढ्यात लाइन गेली, आणि ते मोटारीत अडकलेला दोर काढायला वाकले. लाइन आली तशी डब्यानं 'बंद'चा हुकूम विसरून मोटार चालू केली. उजव्या हाताची दोन बोटं गेली. वांग्यांचा तोडा झाडावरच राहिला.

डबा विकला होता रंजिताच्या मोठ्या भावानं, आदेशनं. वडनेरच्या स्टँडजवळ त्याचं पंपाच्या मोटारींच्या सामानाचं दुकान. डब्यातला प्रोग्राम रंजिताचा. पाटीवर नाव मात्र एकट्या आदेशचं, आणि त्यात कोणालाच काही वावगं वाटत नव्हतं.

"सापडलं का?" आदेशनं काउंटरवरून विचारलं.

"नाई."

"मंग सकाळपासून काय करून राह्यली? तुही थे भाषाच खराब आहे. सरळ सी मंधी लिहाले काय झालतं?"

आदेश पॉलिटेक्निकमध्ये सी शिकला होता आणि त्याचं त्याला अजून कौतुक होतं. रंजिता लिहायची ती भाषा वेगळी. तिच्यातून कॉम्प्युटर आधी सी भाषेतली फाइल बनवायचा आणि त्या फाइलवरून डब्यात भरायचा प्रोग्राम. ती सीची फाइल दरवेळी नव्यानं बनते, म्हणून तिला हात लावायचा नसतो. दुरुस्ती करायची ती मुळात. हे तिनं भावाला बजावून सांगितलं होतं. पण धाकट्या बहिणीचं ऐकतो कोण!

तिनं आपलं लिखाण पुन्हा वाचलं. चूक दिसली, आणि ती तिचीच होती. लाइन गेली की 'बंद'ची आठवण पुसली जात होती. पण मग दिवाळीआधी बसवलेले डबे असे का वागत नाहीत? जुन्या गिऱ्हाइकांपैकी रूपरावांच्या वावरातला तिनं स्वतः तपासला होता. लाइन किती का जाईना, मोटार गप्प.

दुकानातल्या कॉम्प्युटरवर सीच्या फाइलची दिवाळीआधीची एक प्रत पडून होती. तिनं ती उघडली. यंत्रानं लिहिलेलं लगेच ओळखू येतं. लांबलचक नावं, मागे चिकटलेले आकडे, माणसाला वाचवत नाही असलं. त्याच्या मधोमध चार ओळी सुटसुटीत होत्या. लाइन आली की आधीचा हुकूम बघ, बंद असेल तर बंदच ठेव. यंत्र असं लिहीत नाही.

"दादा, हे तू लिहिलं?"

आदेशनं काउंटरवरून वाकून स्क्रीनकडे पाहिलं. "एका गिऱ्हाइकाची तक्रार आलती. बसलो अन् करून टाकलं."

"मले काऊन नाई सांगितलं?"

"एवढ्याशासाठी तुले इचारत बसू का आता?"

दिवाळीनंतर त्यानंच तिला डब्यावरची अक्षरं मराठीत करायला सांगितली होती. तिनं ती केली, नवी फाइल बनवली, आणि त्याच्या चार ओळी तिच्या नकळत पुसल्या गेल्या. तिनं हे त्याला सांगितलं तेव्हा त्याचा चेहरा उतरला. वाईट वाटलं असेल त्याला, नाही असं नाही. पण आधी आठवलं ते दुकान.

"नवीन डबे जिथं जिथं गेले, तिथं आत्ता फोन कर," रंजिता म्हणाली. "मनाव, डबा काढून ठेवा."

"अन् दुकानाले कुलूप लावू? एकेक करून बदलून देऊ गुपचूप. बोंबलत कायले फिराचं?"

ती काही बोलणार तोच खुशालकाका आणि त्यांची बायको कुंताबाई पायऱ्या चढून आले. पट्टी बदलून येत होते. आदेशनं लगबगीनं खुर्ची पुढं केली.

"काका, पाह्यलं आमी. डब्यात काई खराबी नाई. मोटारीले हात लावाच्या आंधी फ्यूज काढा लागते न? थे तुमी काढले नाई."

रंजिताच्या अंगाचा तिळपापड झाला. खुशालकाकांनी मात्र मान हलवली.

"हो बाप्पा, चूक माहीच. जिंदगीभर तिन्ही फ्यूज काढून खिशात टाकल्याबिगर मोटारीले शिवलो नाई. मंग हा डबा आला. मनलं, आपल्या रंजितानं बनवला, आता कायले थे झंझट!"

"काका, चूक तुमची नाई," रंजिता म्हणाली. "डबाच चुकला. माह्यापासून चुकलं, अन् दादानं मले सांगितलं नाई."

"रंजिता!" आदेश ओरडला.

खुशालकाका दोघांकडे आळीपाळीनं पाहत राहिले. बोलल्या त्या कुंताबाई, नवऱ्याकडे बोट दाखवत.

"काय मनतं वं? अवं, आमच्या जावयानं बी गिरड गावाले हाच नवीन डबा बसवला. यायनंच सांगितलं त्याले, फ्यूज काढाची गरज नाई मनून."

"चहा सांगू का, काकू?" आदेश म्हणाला.

"काका, जावयाले फोन लावा," रंजिता म्हणाली. "आत्ता. वावरात असतीन थे."

खुशालकाका ताडकन उठले. मोबाइल उजव्या खिशात होता. सवयीनं त्यांचा उजवा हात तिकडं गेला, आणि जाडजूड पट्टी खिशाच्या तोंडाशी अडकली.