मोकळा रकाना

"आबा, तुमचा जन्म कधीचा?" तोंडातली पेन्सिल काढून शिवानीनं विचारलं.

केरबा गडबडलाच. सत्तरी उलटलेल्या या गड्याला कैक वर्षांत कुणी काही विचारलंच नव्हतं. ही समोरच्या बोळातल्या कृष्णातची पाचवीतली पोर. शनिवारी शाळेत 'माझी आवडती व्यक्ती' या विषयावर भाषणं होती, आणि अख्खी शिवाजी पेठ सोडून हिनं निवडला कोण, तर केरबा गोलकीपर!

म्हणून तर म्हातारा दुपारपासनं माडीवरच्या खोलीत नटून बसला होता. दाढी केली, इस्त्रीचा शर्ट घातला, चहा टाकला तोही दोन कप. बायको गेल्यापासनं दुसरा कप फळीवरनं खाली उतरलाच नव्हता. पोरगा सयाजी पुण्याला. त्याचा फोन कोपऱ्यावरच्या दुकानात यायचा. दुकान बंद पडलं, फोनही बंद पडला.

"पप्पा सांगत्यात, तुम्ही मोडक्या बोटानं पेनल्टी अडवलीसा. खरं काय?"

"खरं म्हंजे? हे बघ की!" केरबानं वाकडं बोट पुढं केलं, आणि मग जी गाडी सुटली म्हणता! तालमीच्या फुटबॉल संघातली मेहनत, अनवाणी सराव, फायनल जिंकल्यावर खांद्यावरनं निघालेली मिरवणूक. शाळेनं दिलेल्या तक्त्यात शिवानी एकेक रकाना भरत होती. शिक्षण झालं, कार्य झालं, सन्मान झाले. केरबाचा ऊर भरून आला. हे एवढंसं बेणं शनिवारी माइकवर आपलं नाव घेणार!

"आता शेवटचं," शिवानी म्हणाली. "निधन कधी झालं?"

घ्या! थोर पुरुषांवरच्या भाषणांचा तक्ता बाईंनी यंदाही तसाच वाटला होता. केरबा हसायला गेला, पण एकदम मोरी आठवली. मागच्या महिन्यात तो मोरीत घसरून पडला होता. सकाळपासनं दिवेलागणीपर्यंत तिथंच पडून होता. हाका मारमारून घसा बसला, कुणी आलं नाही. तेव्हापासनं एकच धास्ती त्याला खात होती. आपण गेलो, तर कळणार कुणाला?

"अगं, मी जित्ता हाय न्हवं," तो कसाबसा म्हणाला. "ते अजून व्हायचं हाय. आणि झालं तरी तुला कोण येऊन सांगणार? हितं कुत्रं फिरकत न्हाय."

शिवानीनं तक्त्याकडं बघितलं, मग आबांकडं बघितलं. रकाना मोकळा ठेवला की बाई मार्क कापतात, हे तिला पक्कं ठाऊक होतं. तिनं जरा विचार केला आणि तक्त्याची घडी घालून दप्तरात टाकली.

"कापू देत मार्क. मी रोज शाळेला जाताना खालनं हाक मारते. ज्या दिवशी ओ देणार न्हाईसा, त्या दिवशी लिहिते की."