कोरडी गोधडी

गोधडी कबरीवर नव्हती.

सुकदेवनं पायथ्याशी पाहिलं, मग क्रुसामागे पाहिलं. वाऱ्यानं उडेल अशी ती नव्हती. जुन्या लुगड्यांची, चांगली जाड, आणि चारही कोपऱ्यांवर त्यानं स्वतः दगड ठेवले होते. ते दगड कोणीतरी एका बाजूला नीट रचून ठेवले होते. गवत दवानं भिजलं होतं. कबरही भिजली होती. त्यानं मातीला हात लावला आणि लगेच मागे घेतला. ताईबाईचे पाय शेवटच्या दिवशी असेच गार होते.

ताईबाई त्याची बायको. दिवाळीनंतर दम्यानं गेली. शेवटी शेवटी ती एकच सांगायची, थंडी वाजते. सुकदेव तिनंच शिवलेली गोधडी तिच्या अंगावर टाकायचा आणि तळपाय चोळत बसायचा. मग ती गेली, आणि त्याच्या हातांना काही काम उरलं नाही. त्यांच्या गावी, नरडाण्यात, थंडी वाढत गेली. पेपरात धुळ्याचा पारा यायचा. तो आकडा वाचला की त्याला तिचे गार पाय आठवायचे. एका संध्याकाळी तो गोधडी घेऊन गावाबाहेरच्या ख्रिस्ती दफनभूमीत गेला आणि कबरीवर पांघरून आला. तेव्हापासून हे रोजचं झालं. संध्याकाळी पांघरायची, सकाळी उजाडलं की काढून आणायची.

लोक बोलायचे ते बोलले. पिठाच्या गिरणीवाल्या चिंधानं विचारलं, सुकदेवभाऊ, आता उशी कधी नेताय? सून भाविका शेजारणींची नजर चुकवू लागली. नाताळ जवळ आला होता. ख्रिस्ती घरांवर कागदी तारे लागले होते, सुकदेवच्या घरावर नव्हता. पाळक हितेंद्र घरी आले, चहा घेतला आणि शांतपणे समजावून सांगितलं की ताईबाई त्या मातीत नाही, प्रभूजवळ आहे आणि तिथं कोणाला थंडी वाजत नाही. सुकदेव हो म्हणाला. तो विश्वास ठेवणारा माणूस होता. प्रार्थना झाल्यावर त्यानं आमेन म्हटलं आणि ऊन उतरल्याबरोबर गोधडी काखेत मारून निघाला.

एक गोष्ट मात्र त्यानं कोणाला सांगितली नव्हती. गोधडी सकाळी कोरडी असायची. आजूबाजूचं गवत ओलंचिंब, क्रुसावरून पाणी ओघळतंय आणि गोधडी कोरडी. आतून तर कोमट. पहिल्यांदा त्याला भास वाटला. मग तो रोज येऊन आधी गोधडीखाली हात घालू लागला. ऊब असायची. त्या उबेवर त्याचा सगळा दिवस निघायचा. पाळकांनाही त्यानं हे सांगितलं नाही. सांगितलं तर ऊब थांबेल, असं त्याला भय होतं.

आणि आज गोधडीच नव्हती.

भिंतीपलीकडे कोकरू ओरडलं. उपटलेल्या कपाशीच्या शेतात ठेलारी मेंढपाळ उतरले होते. मालकानं खतासाठी त्यांच्या मेंढ्या शेतात बसवल्या होत्या. भिंत जिथं पडली होती तिथून सुकदेव पलीकडे गेला. ढेकळांत त्याचा पाय दोनदा मुरगळला. चुलीच्या निखाऱ्यांजवळ एक तरुण बाई बसली होती. तिच्या मांडीवर गोधडी होती. लाल काठ, मधे हिरवा चौकोन. ताईबाईचं लग्नातलं लुगडं.

"हाई गोधडी मनी शे," सुकदेव म्हणाला.

बाई उठली नाही. तिनं भिंतीपलीकडच्या कबरीकडे बोट केलं. "तुमनी नही, आबा. तठे निजेल शे, त्या अक्कानी शे. मी रोज तिले इचारीसन लई जास. ती कधी 'नही' बोलनी नही."

तिनं गोधडीचा कोपरा उचलला. आत तान्हं बाळ होतं. इथंच, या शेतातच जन्मलेलं. बाई हळू आवाजात सांगत राहिली. अंधार पडला की ती गोधडी न्यायची आणि उजाडायच्या आत परत पांघरून यायची. काल बाळ रात्रभर खोकलं. आत्ता कुठं डोळा लागला होता, म्हणून तिला काढवेना.

सुकदेवचा हात सवयीनं गोधडीखाली गेला. तीच ऊब होती.

तो तिथंच ढेकळांत बसला. इतके दिवस जे धरून ठेवलं होतं ते गेलं. भिंतीपलीकडे नुसती गार माती होती. पहिल्या दिवसापासून गार. आता तिच्या थंडीचं भय आणखी वाढेल म्हणून तो वाट पाहत राहिला. तेवढ्यात बाळ खोकलं. त्यानं चटकन वाकून बाळाच्या छातीला कान लावला. ताईबाईच्या छातीला असा कान लावण्यात त्याची निम्मी जिंदगी गेली होती. घरघर नव्हती. साधी सर्दी होती.

"राहू दे," तो उठत म्हणाला. "अक्कानी शे."

त्या संध्याकाळी पारा आणखी उतरला. सुकदेवनं आपल्या खाटेवरची गोधडी काढली. ताईबाईनं दोन शिवल्या होत्या, एक तिची, एक त्याची. गोधडी काखेत मारून तो निघालेला पाहून भाविकानं सुस्कारा सोडला. दफनभूमीच्या फाटकाशी त्याचे पाय थांबले. त्यानं कडीवर हात ठेवला, मग काढून घेतला आणि मेंढ्यांच्या आवाजाकडे चालू लागला.

आत कोणाला थंडी वाजत नव्हती.